मनगटावरचा आकडा म्हणजे ईसीजी नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मनगटी घड्याळाला ‘अटॅक’ आधीच कळतो, हा समज सध्या झपाट्याने पसरतो आहे. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून हे पत्र.

घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो. रक्त हा प्रकाश शोषते. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढले की परत येणारा प्रकाश घटतो आणि शेजारचा सेन्सर ती घट टिपतो. म्हणजे मोजली जाते ती फक्त नाडी. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असतानाही ती ७२ असू शकते.

हा आकडाही नेहमी खरा नसतो. पट्टा सैल असला किंवा घामाने घड्याळ सरकले की चुकतो. कंबर तलावाकाठी झपाझप चालताना १२० दिसले, तर ती पावलांची लयही असू शकते. पाच मिनिटे शांत बसा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पूर्ण ६० सेकंद नाडी मोजून ताडून पाहा. बसल्या जागी ती वारंवार अनियमित लागली, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

काही महागड्या घड्याळांत बोट टेकवून ३० सेकंदांचा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख, निघतो. ठोक्यांची अनियमितता ओळखायला तो खरोखर उपयोगी आहे. पण तो हृदयाकडे एकाच दिशेने पाहतो. दवाखान्यातला ईसीजी हातापायांवर ४ आणि छातीवर ६ इलेक्ट्रोड लावून १२ दिशांनी पाहतो; या प्रत्येक दिशेला ‘लीड’ म्हणतात. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका घड्याळाच्या पट्टीत सहज निसटतो.

दवाखान्यातही काळजी लागतेच. उन्हाळ्यात घामाने इलेक्ट्रोड निसटतात, म्हणून त्वचा आधी कोरडी पुसावी. उजव्या-डाव्या हाताच्या वायरी उलट लागल्या की पहिल्या लीडचा आलेख उलटा येतो. छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीत हवेत. ते अनेकदा वर लागतात आणि नसलेला आजार दिसतो. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी छातीत दुखणे थांबले नसेल, तर १५ ते ३० मिनिटांनी तो पुन्हा काढायला हवा.

मे महिन्यात छातीत दाब, दरदरून घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असे झाले की आपल्याकडे ‘ऊन लागलं’, ‘पित्त झालं’ म्हणून सोडा पाजतात. वर घड्याळात नाडी ठीक दिसली की तासभर आणखी जातो. अशा वेळी घड्याळ पाहू नका, १०८ लावा. आरोग्य शिबिरे घेणाऱ्या मंडळांनाही विनंती आहे की छातीत दुखते म्हणणाऱ्याला बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावून ‘ठीक आहे’ असे सांगू नका. त्याला १२ लीडच्या ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच पाठवा.

– एक बायोमेडिकल तंत्रज्ञ, सोलापूर