आधी आईला एकटीला गाठ

पुणे

प्रिय विद्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचं दर सोमवारी पोट दुखतं, डबा तसाच परत जातो, डॉक्टरांना काही सापडत नाही आणि घरी वडील आईला मारत असावेत असा तुला संशय आहे, असं तू लिहिलंस. ते दुखणं खोटं नाही. भीतीने शरीर सतत सावध राहिलं की आतडीही बिघडू शकतात. आणि शनिवार-रविवार घरात आई-वडील समोरासमोर असतात.

‘मूल झोपलं होतं, त्याला काही कळलं नाही’ हे हमखास सांगितलं जातं. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं, सकाळी आईच्या दंडावरचा वळही दिसतो. अशी मुलं आवाजावरून अंदाज बांधायला शिकतात: लिफ्टचं दार कसं आपटलं, किल्ली कुलपात किती वेळ खुडबुडली. तेच कान वर्गात डस्टर पडलं की दचकतात, आणि आपण ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारून मोकळे होतो. चार वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, आठ वर्षांचं म्हणतं, माझ्या मार्कांवरूनच भांडतात. नजरेतून सगळ्यात जास्त निसटते ती धाकट्याला सांभाळणारी, कधीच तक्रार न करणारी ‘शहाणी’ मुलगी.

त्याच्याशी बोलशील तेव्हा समोर नको, शेजारी बस. हातात खडू-कागद असू दे. ‘घरी भीती वाटते असं कधी होतं का?’ एवढंच विचार. सांगू लागला तर खोदून तपशील काढू नकोस. तुझी चूक नाही, भांडण थांबवणं तुझं काम नाही, हे सांग. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नकोस, पुढे ते मोडावं लागतं.

वडिलांना बोलावून जाब विचारलास तर संध्याकाळी घरी त्याची वसुली होते. दोघांना समोर बसवून समेट करण्याची हौसही नको. डायरीत चिठ्ठी किंवा व्हॉट्सॲपही नको, फोन तपासले जातात.

मुलाकडून घोकून घे: भांडण पेटलं की मध्ये पडायचं नाही, स्वयंपाकघरात थांबायचं नाही (तिथे सुऱ्या आणि गॅस), ठरलेल्या शेजाऱ्यांकडे जायचं, पोलिसांच्या मदतीसाठी 112 लावायचा. विंग आणि फ्लॅट नंबरसकट पत्ता पाठ हवा. मुलांना नुसतं सोसायटीचं नाव येतं. हेल्पलाइन आहेत: 1098 मुलांसाठी, 181 आईसाठी. अशा बायका-मुलांच्या मदतीसाठी पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो. कोर्ट मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतं, मूल स्वतः पीडित असेल तर वडिलांना त्याच्या शाळेत यायलाही मनाई करू शकतं.

श्वासाचा सराव (तीन आकडे आत, पाच आकडे बाहेर) शांत असताना करून घे. घाबरल्यावर नवीन काही शिकता येत नाही. झोप, जेवण, शाळा महिनाभर बिघडलेलीच राहिली तर ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416. मरण्याची भाषा आली तर त्याच दिवशी. मात्र घरी मारहाण चालूच राहिली तर नुसत्या समुपदेशनाने फार फरक पडत नाही.

म्हणून आधी आई. येत्या ओपन डेला तिला एकटीला थांबव, हस्ताक्षराचं निमित्त पुरे. काय म्हणाली ते मला फोनवर सांग.

तुझी,
मंगल