जिन्यातल्या इंटरनेट बॉक्सची लाईट रोज रात्री बंद होते त्याबद्दल

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

204 मधून लिहितोय, म्हणजे बसलोय पुण्यात पण फ्लॅट आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या बिल्डिंगमधलाच आणि आई-बाबा तिथंच असतात. चार महिन्यांत या विषयावर तुम्हाला तीनवेळा फोन केलो, सेक्रेटरींना दोनवेळा, ग्रुपवर टाकलो तर खाली नुसते अंगठे आले. म्हणून आता लेखी देतोय, याची पोच पाहिजे.

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून हॉलमध्ये वायफायचा कॅमेरा लावलाय. तो रोज रात्री अकराच्या सुमारास बंद पडतो आणि सकाळी सहा-सव्वासहाला आपोआप चालू होतो. आधी मला वाटलं राउटरच बिघडला. साडेतीनशे किलोमीटरवरून राउटर दुरुस्त करायचा म्हणजे आईला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं आणि कुठली लाईट हिरवी, कुठली लाल, कुठली लुकलुकतीय विचारत बसायचं, ती बिचारी चष्मा शोधणार, तोवर कॉल कट. जो तो सांगतो एकदा बंद करून चालू करा. आम्ही दोन महिने तेच करत बसलो आणि तिथंच चुकलो, कारण बंद केलं की आमच्या राउटरमधल्या नोंदी पुसल्या जातात आणि नेट येईपर्यंत त्याचं घड्याळ 1 जानेवारी 1970 दाखवतं, मग रात्री नक्की काय झालं ते कळायचं कसं?

मागच्या वेळी तुम्ही "तुमचाच राउटर बघून घ्या" म्हणालात म्हणून काय काय केलो ते सांगतो. वायफायचा चॅनल ऑटोवरून काढून 1 केलो, मग 6, मग 11. एकदा इथून सेटिंग बदलताना माझाच संपर्क तुटला आणि तेवढ्यासाठी शनिवारी रात्रीची गाडी धरून बेळगावला यावं लागलं. नवीन राउटर घेतलो. केबलच्या टोकाची पिन बदलून घेतलो. कंपनीचा माणूस तीनवेळा आला, तो येणार दिवसा, दिवसा सगळं व्यवस्थित, "बरोबर आहे की सर" म्हणून जाणार.

शेवटी जुना लॅपटॉप घरात केबलनं राउटरला जोडून ठेवलो आणि दर मिनिटाला दोन ठिकाणी पिंग लावलो, म्हणजे "आहेस का" विचारून उत्तर येतं का बघायचं, एक राउटरला, एक बाहेर गूगलच्या 8.8.8.8 या सर्व्हरला. सलग सहा रात्री राउटरनं एक मिनिट चुकवलं नाही. बाहेरचं उत्तर मात्र थांबलेलं, 11:04, 11:10, 10:58, अशा वेळेला. हेस्कॉमची म्हणजे वीज कंपनीचीच लाईट गेली असती तर राउटरही पडला असता, आमच्याकडं इन्व्हर्टर नाही. राउटरच्या नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, दरवेळी वॅन पोर्ट डाऊन, म्हणजे बाहेरची केबल जिथं लागते ते तोंडच बंद. म्हणजे लॉगिनचा किंवा सर्व्हरचा प्रश्नच नाही, केबलच्या दुसऱ्या टोकालाच जीव नाही. आणि ते दुसरं टोक आपल्याच जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या डक्टमध्ये. फायबर त्या बॉक्सपर्यंत येते, तिथून पुढं आम्हा सहा घरांना साधी केबल, आणि बॉक्समधल्या, फायबरचं नेट साध्या केबलवर आणणाऱ्या कन्व्हर्टरला नि ते घरोघरी वाटणाऱ्या स्विचला लाईट जिन्याच्या लाईनवरची. आईला रात्री सव्वाअकराला दार उघडून बघायला सांगितलो. जिन्यात काळोख, बॉक्समध्ये एक ठिपका लुकलुकत नव्हता.

102 मधले काका झोपायच्या आधी मीटरपाशी जाऊन जिन्याचा मेन पाडतात, सकाळी फिरायला निघताना वर करतात. लाईटबिल वाचतं म्हणून मीटिंगमध्ये तुम्ही त्यांचं कौतुक केलात. माझं त्यांच्याशी वैर नाही, बाबांच्या वयाचे आहेत, मी स्वतः फोन करून नीट समजावून सांगितलो तर म्हणाले आमच्यावेळी नेट नव्हतं, कुणाचं काही अडलं नाही. त्यांची चपलांची मांडणी जिन्यात, कुंड्या जिन्यात, त्यावर आम्ही पाच वर्षांत एक शब्द बोललो नाही हेही लक्षात घ्या.

बचत किती होते ते मोजलो. बॉक्समधले दोन्ही अ‍ॅडाप्टर मिळून 12 वॅट धरा, सात तास, तीस रात्री, अडीच युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी महिन्याला वीस रुपये. जिन्याचे दिवे बंद ठेवायचे तर खुशाल ठेवा, त्याला बटण आहे, त्यासाठी मेन कशाला पाडायचा?

गेल्या मंगळवारी रात्री बाबा बाथरूमला जायला एकटेच उठले आणि सोफ्यापाशी पडले. आई आतल्या खोलीत, औषधाच्या झोपेत. एरवी कॅमेऱ्यासमोर हालचाल झाली की माझा मोबाईल वाजतो आणि मी लँडलाईनवर आईला उठवतो. त्या रात्री मोबाईल वाजला नाही. बाबा पहाटे साडेपाचपर्यंत एकटेच फरशीवर होते. हाड मोडलं नाही, पण मी सव्वासहाला कॅमेरा उघडलो तेव्हा आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन खालीच बसलेली दिसली.

कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, 1972 प्रमाणं सामाईक जागा आणि सोयी सगळ्यांच्या, दुसऱ्याच्या हक्काला अडथळा न आणता वापरायच्या. हे मी एकटा बोलत नाही, 203 च्या वहिनी, 301 मधला रात्रपाळीचं काम घरून करणारा मुलगा, सगळे वैतागलेत, फक्त काकांशी वाईट नको म्हणून गप्प आहेत. आमचा मेंटेनन्स एकदा उशिरा आला होता ते इथं काढू नका, तो विषय वेगळा.

बॉक्सची लाईन जिन्याच्या दिव्यांपासून वेगळी करून त्याला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे वेगळा सर्किट ब्रेकर, बसवा, वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, मजुरी मी देतो. तोपर्यंत मीटरच्या पेटीला कुलूप, किल्ली तुमच्याकडं, आणि वर कन्नड-मराठी दोन्हीत पाटी की मेन पाडू नये. वर्षाचे 240 रुपये आईकडं पाकिटात घालून ठेवायला सांगितलोय, काकांच्या बचतीचे, ते घेऊन जा. पिंगची फाईल आणि लॉगचे फोटो सोबत जोडलेत. रविवारच्या आत काम झालं नाही तर सोमवारी रजा टाकून येतो आणि रात्री अकराला मीटरपाशी उभा राहतो.

आपला,
फ्लॅट नं. 204