आजोबांच्या पत्रांसाठी, मॅडम, मनापासून थँक्यू

मॅडम, नमस्कार.

नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही, पण साताऱ्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. आजोबांची फौजेतली पत्रं तुम्ही वाचवलीत, स्कॅन करून दिलीत, त्याचे फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय.

आमचे आजोबा जंगी पलटणीत, म्हणजे फर्स्ट मराठा लाइट इन्फंट्रीत, १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते. त्यांची निळी इनलँड पत्रं आणि मनिऑर्डरची कुपनं आज्जीच्या ट्रंकेत साड्यांखाली पडून होती, वर डांबरगोळ्या, तरी काहींना कसर लागलीच होती आणि घडीवर तर बरीच चिरलेली. चुलतभाऊ सगळा गठ्ठा घेऊन लॅमिनेशनला निघाला होता, गाडीला किक मारायची बाकी होती, तेवढ्यात तुमचा फोन आला आणि तुम्ही जवळजवळ ओरडलातच, की लॅमिनेशन नको, एकदा प्लास्टिक चिकटलं की कागद परत सुटा होत नाही! मग स्वतःच एसटीने आलात. ओसरीवर चटई टाकून बसलात, गंजलेल्या टाचण्या एकेक करून काढल्यात, जुन्या सेलोटेपला हातसुद्धा लावू दिला नाहीत (ओढली तर अक्षरासकट साल निघेल म्हणालात), आणि नंबर घातलेत ते शिसपेन्सिलने, मागच्या बाजूला, एवढे बारीक की मला चष्मा लागला. सगळ्यात जास्त वेळ तुम्ही शिक्के बघण्यात घालवलात. आम्हाला वाटलं पत्र म्हणजे आतला मजकूर, पण फौजीच्या पत्रात जागेचं नाव नसतंच, पत्ता नुसता '९९ एपीओ' (म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), त्यामुळे फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असलेला तो पुसट शिक्का हाच काय तो धागा. पत्रं तारखेवार लागली ती त्याच्यावरूनच.

आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरचा एक पत्रव्यवहार फौजेत सगळ्यांना माहीत आहे. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी डिसेंबर १९७१ मध्ये वेढ्यातल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. भारीच आहे तो किस्सा, आणि जंगी पलटण तिथेच लढली. पण त्याच पलटणीतला आमचा म्हातारा, तेव्हा जवान गडी, त्याच्या थोडं आधी नोव्हेंबरात घरी काय लिहीत होता? "तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. इकडील सर्व क्षेम. म्हैस व्याली का, रेडी की रेडा ते कळवणे. सोसायटीचा हप्ता भरणे." मी जरा हिरमुसलोच होतो, म्हटलं यात युद्ध कुठंय. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त आज्जीकडे वळून विचारलंत, "आज्जी, पत्र आलं की वाचायचं कोण?"

आणि आज्जी सुटली की हो! आम्ही आजवर तिला "लढाईत काय झालं" असंच विचारत आलो आणि ती "मला काय ठावं" म्हणून गप्प बसायची. आता सांगायला लागली की मास्तर येऊन वाचायचे, सासऱ्यांपुढं, अंगणात निम्मी आळी जमायची, ती स्वैपाकघराच्या दाराआड. नवऱ्यालाही माहीत की हे सगळ्यांसमोर वाचलं जाणार, म्हणून तिच्यासाठी प्रत्येक पत्रात एकच ओळ, ती पण दुमडायच्या कडेला, आडवी, "सौ.स सांगणे, पाठीस तेल लावीत जाणे", असली. मग आज्जीने तुमच्या हातातलं पत्र घेतलं, उलटं धरलं होतं ते सरळ केलं, आणि बरोबर त्या कडेवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही मॅडम! जागा पाठ होती. ते सगळं तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केलंत, मधे एकदाही टोकलं नाहीत, आणि मुलांना पण गप्प बसवलंत, हे तर मला कधीच जमलं नसतं.

घरून गेलेलं एकही पत्र उरलेलं नाही. फौजी माणूस पाठपिशवीत किती कागद सांभाळणार. म्हणजे निम्मा पत्रव्यवहार गेलाच, आणि आज्जी काय लिहायला सांगायची ते आता फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. त्याच्यासाठी स्कॅनपेक्षाही जास्त थँक्यू. आपल्याकडे पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या, त्यातल्या किती घरांतल्या बायकांना कोणी असं बसून विचारलं असेल? पलटणीचा इतिहास लिहायला माणसं असतात, बक्षिसं असतात, दाराआडच्या माणसाचं काय ते तुमच्यासारखं कोणीतरी एसटीने येईल तेव्हाच.

बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरला स्कॅनची एक कॉपी द्यायचं तुम्ही सुचवलंत ते आज्जीला पटलंय, फक्त पाठीच्या तेलाची ओळ झाकून द्या म्हणते. मी म्हटलं ते मॅडमना विचारतो, तुम्हीच समजवा तिला.

आणि एक, शेजारच्या मावशींकडे त्यांच्या मालकांची श्रीलंकेतली पत्रं आहेत, आपली शांतिसेना तिकडे गेली होती त्या वेळची, १९८८ची. बिस्किटाच्या डब्यात रबर लावून ठेवलीत आणि रबर वितळून चिकटलंय. मी कोणाला हात लावू दिला नाहीये. दसऱ्यानंतर जमेल का? या वेळी एसटीने नका येऊ, गाडी पाठवतो.

तुमचा,
ट्रंकवाल्या आज्जीचा नातू