आल्बेरोबेल्लोला जाण्यापूर्वी

चि. सौ. कन्येस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मुलांना घेऊन दक्षिण इटलीत आल्बेरोबेल्लोला जाण्याचा तुमचा बेत वाचून फार आनंद झाला. मात्र सहा आणि तीन वर्षांच्या मुलांना त्या जुन्या गावातले काय कळणार, अशी जी शंका तू काढली आहेस, तिचे उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. तू सात वर्षांची आणि तुझा भाऊ चार वर्षांचा असताना आम्ही तुम्हाला तिथे नेले होते. त्या दिवशी माझ्या हातून झालेली एक चूक तुझ्या हातून होऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण पोहोचलो ते भर दुपारी. रियोने मोंती या भागातल्या चढाच्या गल्ल्यांतून दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या बुटक्या भिंती आणि त्यांवर करड्या दगडांची शंकूसारखी छपरे दिसत होती. या घरांना तिकडे त्रुल्ली म्हणतात, एक घर असेल तर त्रुल्लो. त्या एका भागात अशी हजारभर घरे आहेत, त्यामुळे कुठेही उभे राहिले तरी नजरेत शंकूच शंकू येतात. काही छपरांवर पांढऱ्या रंगात क्रूस, सूर्य, हृदय अशा खुणा काढलेल्या होत्या आणि प्रत्येक शंकूच्या टोकावर दगडाचा छोटा कळस होता. तुम्ही दोघे ते कळस मोजू लागलात आणि वीसपर्यंत जाऊन कंटाळलात. उन्हाने तुमचे चेहरे लाल झाले होते, म्हणून आम्ही पाहण्यासाठी उघड्या ठेवलेल्या एका घरात शिरलो.

बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि आत एकदम गारवा. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात तुझा भाऊ पाय पोटाशी घेऊन बसला. तू मात्र दाराशीच फरशीवर उताणी पडलीस आणि वर बघत म्हणालीस, "आई, हे दगड लहान लहान होत वर गेलेत, मग ते खाली का पडत नाहीत?" कपडे मळतील म्हणून मी तुला रागावले, हाताला धरून उठवले आणि टेकडीच्या माथ्यावरचे सांत आंतोनियोचे चर्च पाहायचे राहील म्हणून जवळजवळ ओढतच बाहेर नेले. ते चर्च सुंदर आहे, 1926 ते 1927 या काळात त्रुल्लीच्याच धर्तीवर बांधलेले. पण तिथे तू एकदाही मान वर केली नाहीस. सगळ्या प्रवासात तू विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न मी तसाच फरशीवर सोडून आले होते, हे मला रात्री तुम्ही झोपल्यावर कळले आणि फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या बाबांनी ते सावरून घेतले. गावाबाहेर ऑलिव्हच्या झाडांखाली चुनखडीच्या चपट्या कपच्या पडलेल्या होत्या. त्यांनी तुला त्यांचे एक रिंगण मांडायला लावले, मग त्यावर दुसरे, पण प्रत्येक दगड बोटाच्या पेरभर आत सरकवून. तिसऱ्या थरापर्यंत तुला विश्वास वाटत नव्हता. सहाव्या थराला वरचे भोक एवढे लहान झाले की एका चपट्या दगडाने ते झाकता आले, आणि तू टाळ्या पिटल्यास. प्रत्येक थर खालच्या थरावर दाबून बसतो आणि रिंगणातले दगड एकमेकांना आत पडू देत नाहीत, ही त्या छपरामागची सगळी युक्ती तुझ्या हाताला कळली. खऱ्या घरात या आतल्या थरावर बाहेरून पातळ चिपांचा आणखी एक थर असतो. त्या चिपा किंचित बाहेर कललेल्या असल्याने पावसाचे पाणी आत झिरपत नाही. ते वळचणीपाशी गोळा होऊन जमिनीखालच्या टाक्यात जाते. चुनखडीच्या त्या प्रदेशात पाणी वर टिकत नाही, ते थेट खडकात मुरते, म्हणून प्रत्येक थेंबाची अशी सोय करावी लागली.

एवढ्यात तुझ्या भावाने सर्वांत खालचा एक दगड ओढला आणि सगळा डोलारा कोसळला. तो रडवेला झाला, पण बाबांनी त्याला जवळ घेऊन सांगितले की गावातल्या लोकांनी घरे अशी बांधली ती याचसाठी. नेपल्सच्या राज्यात नवे गाव वसवायचे तर राजाची परवानगी लागे आणि करही भरावा लागे. तो चुकवण्यासाठी कोन्व्हेर्सानोच्या आक्वाव्हिव्हा घराण्यातल्या सरदारांनी शेतकऱ्यांना चुना न वापरता नुसते दगड रचून घरे बांधायला लावली, म्हणजे तपासणीला माणसे आली की घरे मोडून टाकता यावीत, असे तिथे पिढ्यानपिढ्या सांगतात. पुढे 1797 मध्ये राजा चौथा फेर्दिनांद याने गावाला सरदारांच्या ताब्यातून मुक्त केले आणि त्याच वर्षी चुन्याने बांधलेले पहिले घर उभे राहिले. ते काझा दामोरे आजही चौकाजवळ आहे. दिसायला अगदी साधे आहे आणि बहुतेक प्रवासी त्याच्यासमोरून निघून जातात, पण थोरल्याला ते नक्की दाखव. दगडांच्या फटींत चुना भरण्याची मोकळीक म्हणजे आपले घर आता कोणी पाडायला सांगणार नाही याची खात्री, हे सहा वर्षांच्या मुलाला चांगले समजते. तुला समजले होते.

म्हणून माझे सांगणे एवढेच की गाव सगळे पाहण्याच्या मागे लागू नका. एक घर आतून निवांत पाहू द्या. त्यासाठी त्रुल्लो सोव्रानो योग्य आहे. अठराव्या शतकातले ते दुमजली घर आता संग्रहालय आहे. भिंतीत खोदल्यासारख्या कोनाड्यांत बिछाने मांडून मुले कशी झोपत असतील, हे अशा घरात मुलांना लगेच उमगते. जमल्यास एक रात्र त्रुल्लोतच राहा. दिवसभराची गर्दी ओसरली की गल्ल्या मुलांच्या होतात. मोंतीमध्ये दुकाने पुष्कळ आहेत, त्यामुळे सकाळी लवकर आया पिक्कोला भागात जा. तिथे साधारण सहाशे त्रुल्ली आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत लोक राहतात. कोणाच्या दारात डोकवायचे नाही, अंगणातल्या भिंतीवर चढायचे नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेव. 1996 पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण तिथल्या आजीबाईंसाठी ते आपले घर आहे आणि दुपारी त्यांना झोप हवी असते.

धाकटीसाठी बाबागाडी नेऊ नकोस. चढ आहे, पायऱ्या आहेत आणि फरशी पायांनी घासून इतकी गुळगुळीत झाली आहे की ओली असली की घसरते. तिला पाठीवरच्या झोळीत घे आणि दोघांनाही चांगल्या पकडीचे बूट घाल. दुपारचे तीन-चार तास कुठल्यातरी गार खोलीत काढा.

आणि थोरला फरशीवर आडवा झाला तर त्याला उठवू नकोस. शक्य असेल तर तूही त्याच्या शेजारी पड. त्या घरात आडवे पडून वर पाहायचे मला राहूनच गेले, तेव्हा वर नेमके काय दिसते ते मला लिही. धाकटी काय म्हणाली, तेही लिही.

तुझी,
आई