सर्व्हर बदलताना नष्ट झालेल्या मराठी मजकुराबाबत तक्रार व जुन्या सर्व्हरची डिस्क न पुसण्याची विनंती

दिनांक : २२ एप्रिल २०२५
कोल्हापूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वेब होस्टिंग विभाग

विषय : १२ एप्रिलच्या रात्री केलेल्या सर्व्हर स्थलांतरात आमच्या ग्राहकांच्या वेबसाइटचे झालेले नुकसान, आणि जुना सर्व्हर तूर्त जसाच्या तसा ठेवण्याची मागणी

महोदय,

आमचा छोटा वेब डिझाइन स्टुडिओ आपल्या रिसेलर योजनेचा (आपली होस्टिंग घेऊन ती पुढे आमच्या ग्राहकांना देण्याच्या योजनेचा) ग्राहक आहे. आम्ही बांधलेल्या वेबसाइट त्याच योजनेत, प्रत्येक ग्राहकाच्या वेगळ्या सीपॅनेल (होस्टिंग सांभाळण्याचे नियंत्रण पॅनेल) खात्यात चालतात. त्यात दुकाने आहेत, शाळा आहेत, पतसंस्था आहेत आणि रत्नागिरीचा हापूस थेट घरपोच विकणारे बागायतदारही आहेत.

बाकी सगळे नंतर, आधी एकच विनंती. आपल्या सपोर्टच्या शेवटच्या उत्तरात जुना सर्व्हर महिनाअखेरीस बंद करून त्याची डिस्क पुसणार असे लिहिले आहे. कृपया ती पुसू नका. नव्या सर्व्हरवर आलेल्या डेटाबेसमधला मराठी मजकूर कायमचा गेला आहे आणि त्याची शेवटच्या क्षणापर्यंतची शाबूत प्रत आता फक्त जुन्या डिस्कवर आहे. डिस्क राखून ठेवल्याचे लेखी उत्तर आम्हाला आजच हवे आहे.

मजकूर कसा गेला हे तपशिलात लिहितो, कारण सपोर्टने आतापर्यंत ‘कॅशे साफ करा’, ‘थीम तपासा’ आणि ‘वेबसाइटचा मजकूर आमच्या जबाबदारीत येत नाही’ एवढीच उत्तरे दिली आहेत.

पानांवर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. हा फॉन्टचा किंवा ब्राउझरचा दोष नाही. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस थेट पाहण्याच्या साधनात) टेबल उघडून पाहिले तर आतही प्रश्नचिन्हेच साठलेली आहेत. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी नेमकी पाच प्रश्नचिन्हे आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा बनतो आणि ते साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यातले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे एकूण १५ बाइट. बाइट नुसते चुकीचे वाचले गेले असते तर रोमन अक्षरांचा अर्थहीन गिचका दिसला असता आणि तो परत सुधारता आला असता. इथे एका चिन्हाला एक प्रश्नचिन्ह आले आहे. याचा अर्थ डेटाबेसने प्रत्येक चिन्ह ओळखले, समोरच्या कॅरेक्टर सेटमध्ये (साठवता येणाऱ्या चिन्हांच्या संचात) त्याला जागा सापडली नाही आणि त्याजागी प्रश्नचिन्ह लिहून टाकले. मूळ बाइटच उरले नाहीत, त्यामुळे हे कोणत्याही साधनाने उलटवता येत नाही.

तो कॅरेक्टर सेट कोणता होता तेही उरलेल्या मजकुरावरून कळते. त्याच परिच्छेदांतली वळणदार अवतरणचिन्हे आणि लांब डॅश शाबूत आहेत. मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर ज्याला लॅटिन-१ म्हणते तो प्रत्यक्षात विंडोजचा १२५२ कोडपेज, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचा चिन्हसंच, आहे. त्यात ही चिन्हे आहेत, देवनागरी नाही आणि रुपयाचे चिन्हही नाही. दुकानाच्या किमतींपुढे रुपयाचे चिन्ह अजून नीट दिसते ते वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवणारे प्लगइन) ते आकडी एचटीएमएल सांकेतिक रूपात छापते म्हणून. संपादकाने वर्णनात टाइप केलेले रुपयाचे चिन्ह मात्र प्रश्नचिन्ह झाले आहे.

आणखी एक पुरावा आहे. आमच्या सर्वांत जुन्या काही साइटची टेबले लॅटिन-१ म्हणून घोषित आहेत आणि त्यांत यूटीएफ-८ चे बाइट तसेच भरलेले आहेत. त्या काळी ही चूक सर्रास व्हायची. त्या साइट स्थलांतरात वाचल्या. यूटीएफ८एमबी४ मध्ये (मायएसक्यूएलमधल्या पूर्ण यूटीएफ-८ मध्ये) नीट बांधलेल्या नव्या साइट मात्र गेल्या. हे एकाच रीतीने घडू शकते : मायएसक्यूएल-डंप (डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणारे साधन) चालवताना सगळ्या डेटाबेसना सरसकट डिफॉल्ट कॅरेक्टर सेट लॅटिन-१ दिला गेला. लॅटिन-१ टेबलातून बाइट न बदलता बाहेर पडले, आणि बाकीच्यांतली देवनागरी डंप फाइलमध्ये उतरतानाच पुसली गेली. त्यामुळे तीच डंप फाइल पुन्हा इम्पोर्ट करून उपयोग नाही. सपोर्टने ते करून पाहिले आणि अर्थातच काही बदलले नाही.

केवळ मजकूर गेला असेही नाही. वर्डप्रेस विजेट आणि थीमची मांडणी सिरियलाइझ करून, म्हणजे एकाच ओळीत गुंफून, साठवते आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याची लांबी बाइटमध्ये लिहिते. जिथे १५ बाइट लिहिलेले आहेत तिथे आता ५ च सापडतात, म्हणून पीएचपी ती संपूर्ण नोंद नाकारते. मुखपृष्ठावरचे विभाग, तळपट्टी, संपर्काचा चौकोन ज्या साइटवरून गायब झाले त्याचे कारण हे आहे. थीम तपासून त्यात काही सापडणार नव्हते.

लेखांचे वेब पत्ते शाबूत आहेत, कारण वर्डप्रेस देवनागरी पत्ता टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात, साध्या रोमन अक्षरांत साठवते. त्यावरून काही शीर्षके पुन्हा उभी करता येतील. पण पत्त्याच्या रकान्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि एक देवनागरी चिन्ह त्यात ९ जागा घेते, म्हणजे जेमतेम २२ चिन्हे मावतात. लांब शीर्षक अर्ध्यावर तुटते, आणि लेखाचा मजकूर तर पत्त्यात नसतोच.

आता ऑर्डरबद्दल. डंप शनिवारी रात्री घेतला गेला आणि नव्या आयपीची (सर्व्हरच्या आकडी पत्त्याची) सूचना देणारी ई-मेल रविवारी दुपारी आली. ज्यांचे डीएनएस (डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणारी नोंद) क्लाउडफ्लेअर या बाहेरच्या सेवेवर आहे त्या साइट तोपर्यंत जुन्याच सर्व्हरवर चालू होत्या आणि ऑर्डर घेत होत्या. ज्यांचे डीएनएस आपल्याकडे आहे त्यांचा टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) १४४०० सेकंद होता, म्हणजे बदल केल्यावरही चार तासांपर्यंत काही ग्राहक जुन्या सर्व्हरवर आणि काही नव्या सर्व्हरवर जात राहिले. दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणला असता तर हा काळ काही मिनिटांचा झाला असता. दुकाने त्या वेळेपुरती देखभालीच्या पाटीखाली ठेवता आली असती. सीपॅनेलच्या स्वतःच्या स्थलांतर साधनात थेट स्थलांतराचीही सोय आहे, ज्यात जुना सर्व्हर आलेली विनंती नव्याकडे वळवतो. यातले काहीच झाले नाही आणि आम्हाला आधी कळवले नसल्याने आम्हीही काही करू शकलो नाही.

परिणामी त्या वेळेतल्या ऑर्डर दोन डेटाबेसमध्ये विभागल्या गेल्या. दोन्हीकडे क्रमांक एकाच आकड्यापासून पुढे गेले, त्यामुळे जुन्या सर्व्हरवरचा जो ऑर्डर क्रमांक एका गिऱ्हाइकाचा आहे तोच नव्यावर दुसऱ्याचा आहे. म्हणूनच कळकळीने सांगतो, जुना डेटाबेस सापडला म्हणून तो नव्या सर्व्हरवर थेट रिस्टोअर करू नका. तसे केले तर स्थलांतरानंतर आलेल्या सगळ्या ऑर्डर पुसल्या जातील. आम्हाला वेगळी प्रत द्या. मजकुराच्या नोंदी आणि ऑर्डरच्या नोंदी वेगळ्या करून, क्रमांक बदलून त्या जोडण्याचे काम आम्ही करू.

हापूस विकणाऱ्या साइटवर याहून मोठे नुकसान चालू आहे. नव्या सर्व्हरच्या मॉडसिक्युरिटी फायरवॉलचा एक नियम पेमेंट गेटवेकडून येणारा वेबहुक (पैसे भरल्याची आपोआप येणारी सूचना) ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, असे उत्तर देऊन परतवतो. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे जातात, पण वूकॉमर्सला ते कळत नाही आणि ऑर्डर ‘पेमेंट बाकी’ अवस्थेत राहते. साठा मोजण्याची सोय चालू असेल तर अशी ऑर्डर डिफॉल्टने ६० मिनिटांनी आपोआप रद्द होते आणि ती पेटी पुन्हा विक्रीला लागते. म्हणजे पैसे भरलेल्या माणसाची पेटी दुसऱ्याला विकली जाते. ती मुदत आम्ही तात्पुरती काढून टाकली आहे, आणि रोज गेटवेच्या यादीशी ऑर्डर हाताने ताडून पाहाव्या लागत आहेत. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया आहे. बागायतदाराच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा भाग याच दिवसांत येतो. त्या नियमाचा क्रमांक सर्व्हरच्या लॉगमध्ये आहे. संपूर्ण फायरवॉल बंद करण्याची गरज नाही, फक्त वेबहुकच्या पत्त्यापुरता तो एक नियम वगळा. आमच्या खात्यातून हे करण्याची परवानगी आपण दिलेली नाही, म्हणून ते आपल्यालाच करावे लागेल.

ई-मेलचीही तीच अवस्था आहे. ज्यांची मेल गूगल वर्कस्पेसवर आहे त्यांच्या खात्यात ई-मेल राउटिंग ‘रिमोट’ (मेल बाहेरच्या सर्व्हरकडे) ठेवलेले होते. नव्या सर्व्हरवर ते ‘लोकल’ झाले. बाहेरून येणारी मेल एमएक्स नोंदीप्रमाणे (डोमेनची मेल कुठे द्यायची ते सांगणारी डीएनएस नोंद) गूगलकडे नीट जाते, पण वेबसाइटच्या फॉर्मवरून त्याच डोमेनच्या पत्त्यावर पाठवलेली मेल सर्व्हर स्वतःच्याच पोटात ठेवून घेतो किंवा टाकून देतो. फॉर्म भरणाऱ्याला ‘संदेश पाठवला’ असे दिसते आणि शाळेला प्रवेशाची चौकशी कधीच मिळत नाही. हे आम्ही आमच्या पातळीवर दुरुस्त केले आहे. मधल्या काळातली मेल कुठे गेली ते एक्झिम या मेल सर्व्हरच्या लॉगमध्येच दिसेल, ते लॉग द्यावेत.

एसपीएफ नोंदीत (डोमेनतर्फे कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीत) जुना आयपी आणि शेवटी कडक नकार होता, तर डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली नव्या सर्व्हरवर नव्याने तयार झाली आणि डीएनएसमध्ये जुनीच राहिली. दोन्ही तपासण्या नापास झाल्याने ज्यांचे डीमार्क धोरण (नापास मेलचे काय करायचे ते) ‘रिजेक्ट’ आहे त्यांची वेबसाइटवरून जाणारी मेल थेट नाकारली गेली. एसएसएल (सुरक्षित जोडणीची) प्रमाणपत्रेही आणली नव्हती. क्लाउडफ्लेअरवर ‘फुल स्ट्रिक्ट’ (मूळ सर्व्हरचे प्रमाणपत्र काटेकोर तपासणारी सेटिंग) असलेल्या साइट ५२६ (अवैध प्रमाणपत्र) ही त्रुटी दाखवत बंद पडल्या.

राउटिंगची सेटिंग, डीकेआयएमची किल्ली आणि प्रमाणपत्रे सीपॅनेलच्या स्थलांतर साधनाने खाते हलवले असते तर खात्यासोबत आली असती. ती आली नाहीत आणि डेटाबेस चुकीच्या कॅरेक्टर सेटमध्ये निघाला. आमचा स्पष्ट निष्कर्ष असा, की आपण स्वतःची स्क्रिप्ट वापरली आणि ती एकाही देवनागरी साइटवर आधी तपासली नाही. महाराष्ट्रातल्या ग्राहकांना सेवा विकणाऱ्या कंपनीकडून ही तपासणी व्हायलाच हवी होती. एक खाते हलवून एक पान उघडले असते तरी हे दिसले असते.

आपल्या योजनेच्या पानावर रोजचा बॅकअप ३० दिवस ठेवतो असे लिहिले आहे. पॅनेलमध्ये मात्र १३ एप्रिलनंतरचेच बॅकअप दिसतात, म्हणजे सगळे बिघडलेल्या डेटाचे. जुन्या सर्व्हरचे बॅकअप अस्तित्वात असतील तर ते द्यावेत. ते तुमच्याकडेही रोज जुने होत पुसले जात असतील, म्हणून ती साखळी आज थांबवा. आमच्याकडे आमच्या स्वतःच्या प्रती आहेत, त्यावरून बहुतेक पाने उभी राहतील. पण ग्राहक रोज स्वतः भरत असलेला मजकूर आणि ऑर्डर त्यात शेवटच्या क्षणापर्यंतच्या नाहीत.

जुन्या डेटाबेसची प्रत कशी हवी तेही सांगतो. जुन्या सर्व्हरवर मायएसक्यूएल सुरू करून टेबलांची रचना पाहावी. यूटीएफ८एमबी४ च्या डेटाबेसचा डंप त्याच कॅरेक्टर सेटमध्ये आणि लॅटिन-१ च्या डेटाबेसचा लॅटिन-१ मध्ये घ्यावा. हे किचकट वाटत असेल तर मायएसक्यूएल थांबवून आमच्या खात्यांच्या डेटाबेसचे फोल्डर आणि इनोडीबी या साठवण-यंत्रणेची सामायिक फाइल तशीच कॉपी करून द्यावी, आवृत्तीचा क्रमांक कळवावा, पुढचे आम्ही पाहू. त्यासोबत जुन्या सर्व्हरवर राहिलेल्या मेलबॉक्सचे फोल्डर आणि १२ ते १४ एप्रिलचे वेब, मेल व फायरवॉलचे लॉग हवेत. लॉग सात दिवसच ठेवतो असे सपोर्टने सांगितले. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांनी लॉग १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे.

भरपाईबद्दल थोडक्यात. आपण ९९.९ टक्के अपटाइमचे वचन देता. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची सूट एवढाच होतो. ५२६ त्रुटीमुळे बंद राहिलेल्या साइट याच्या कितीतरी पलीकडे गेल्या आहेत. एप्रिल व मे या दोन महिन्यांचे शुल्क १८ टक्के जीएसटीसह परत करावे आणि ते क्रेडिट नोट (मूळ बिलाची रक्कम कमी करणारे पत्रक) काढूनच करावे. वॉलेटमध्ये रक्कम जमा केली तर आमच्या इनपुट क्रेडिटच्या (भरलेल्या जीएसटीच्या वजावटीच्या) हिशेबात फरक राहतो. ग्राहकांच्या साइट पुन्हा उभ्या करण्याच्या कामाचे बिल आम्ही वेगळे पाठवू, कारण ते पैसे आम्ही बागायतदारांकडून किंवा शाळांकडून घेणार नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. हा स्टुडिओ आमच्या उपजीविकेचे साधन आहे, म्हणून आम्हीही ग्राहक म्हणूनच दाद मागत आहोत. मुदतीत निवारण झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

बिघडलेल्या टेबलांची चित्रे, वेबहुकच्या ४०३ नोंदी, नाकारलेल्या मेलचे हेडर आणि सपोर्टशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. डिस्क राखून ठेवल्याची पोच आणि फायरवॉलचा नियम वगळल्याची खबर या दोन गोष्टी बाकीच्या उत्तराची वाट न पाहता आधी कळवाव्यात.

आपला,
वेब डिझाइन स्टुडिओचा चालक
(रिसेलर योजनेचा ग्राहक)