गंजाच्या खड्ड्यांचा तळ दाखवणाऱ्या अण्णांस

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

आमच्या रंगाई कारखान्यातील जुन्या हायड्रोच्या, म्हणजे ओले सूत पिळणाऱ्या यंत्राच्या, दुरुस्तीत आपण केलेल्या मदतीबद्दल हे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपली पद्धत अक्कलकोट रोडवरील इतर कारखानदारांच्याही उपयोगी पडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

चादरीच्या सुतात रिअ‍ॅक्टिव्ह रंग नीट उतरावा म्हणून मीठ वापरावे लागते आणि ओल्या लडी पिळणाऱ्या या हायड्रोच्या पोलादी आवरणावर तेच खारे पाणी वर्षानुवर्षे उडत राहते. त्यामुळे आमच्याकडचा गंज वरवर पसरून थांबत नाही, तो खड्डे पाडत आत उतरतो. मिठातील क्लोराइड त्या खड्ड्यांच्या तळाशी दडते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि रंगाखाली गंज पुन्हा सुरू होतो, हे कारण आपण समजावून सांगितलेत. वायर ब्रशने खड्ड्यातला गंज निघत नाही, उलट घासून चकचकीत होतो आणि पोलादासारखा दिसू लागतो, हेही आपण भिंगाखाली दाखवलेत.

आपण ठरवून दिलेला क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी तेल आणि ग्रीस थिनरने पुसून काढायचे, कारण तसे न करता ग्राइंडर फिरवला तर तेच तेल खड्ड्यांत चोळले जाते. मग जाड सांगाड्याला सँडब्लास्टिंग, म्हणजे जोराच्या हवेने कणांचा मारा. पातळ पत्रा मात्र त्या माऱ्याने वाकू शकतो म्हणून तिथे टोकदार हत्याराने खड्डे मोकळे करून फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावायचे आणि ते पूर्णपणे धुऊन काढायचे, नाहीतर वरचा इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, नीट पकडत नाही. आमच्या बोअरच्या पाण्यातच क्षार असल्यामुळे शेवटचे धुणे बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने करायला लावलेत. त्यानंतर घाई करणाऱ्या रंगाऱ्याला थांबवून खड्ड्यांत मीठ उरले आहे का हे पाहायला आपण एक भाग रात्रभर दमट ठेवलात. सकाळी काही खड्ड्यांच्या तळाशी तपकिरी ठिपके उमटले आणि तेवढी जागा पुन्हा धुवावी लागली. मोठमोठ्या कामांतही ही परीक्षा कोणी करताना मी पाहिलेले नाही.

लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरण्याविषयीही आपले मत ठाम होते. नेहमीची पॉलिस्टर लांबी ओलावा शोषते, म्हणून उघड्या पोलादावर ती थेट लावायची नाही. पोलाद कोरडे होताच त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, त्यावर इपॉक्सी लांबीचे पातळ थर, आणि प्रत्येक थर सुकल्यावर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासणे. सोलापूरच्या उन्हाळ्यात हार्डनर मिसळलेली लांबी फार लवकर आवळते, म्हणून ती थोडी थोडीच कालवायची. रंगाचा हात सकाळी, पत्रा तापण्यापूर्वी द्यायचा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून घासताना आपण पोरांना मास्क काढू दिला नाहीत, याबद्दल त्यांच्या घरच्यांच्या वतीनेही आभार मानतो.

परंतु सर्वांत मोठे ऋण आपल्या एका नकाराचे आहे. यंत्राच्या पायांच्या बुडाशी पडलेले खड्डे लांबीने सहज बुजवता आले असते आणि वरून ते अगदी गुळगुळीतही दिसले असते. आपण तिथे हातोडीने ठोकून पाहिलेत, बद्द आवाज आला तिथे खूण केलीत आणि स्पष्ट सांगितलेत की लांबी पृष्ठभाग सपाट करते, भार पेलत नाही. वेगाने फिरणाऱ्या यंत्राचा सगळा हादरा ज्या जागेवर येतो, तिथला झिजलेला भाग कापून नवी प्लेट वेल्ड करायला आपण भाग पाडलेत. खर्च वाढला, काम लांबले. तरीही रोज त्या यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांचा विचार आपण माझ्याआधी केलात, हे मी विसरणार नाही.

संपूर्ण पावसाळा उलटला आहे आणि आवरणावर कुठेही फुगवटा आलेला नाही. आपण मजुरी घेतली नाहीत, म्हणून एक विनंती करतो. आता सूत वाळवण्याच्या जुन्या यंत्राचा सांगाडा आमची पोरे आपल्याच क्रमाने साफ करत आहेत; प्रायमर लावण्यापूर्वी आपण एकदा येऊन खड्ड्यांचे तळ तपासावेत. न्यायला मी स्वतः येईन.

आपला नम्र आणि ऋणी,
एक रंगाई कारखानदार, सोलापूर