माजी विद्यार्थ्यांच्या यादीत प्रवेशाचे सालही हवे

महोदय,

उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातील सेंट कोलम्ब्ज कॉलेज या मुलांच्या कॅथलिक ग्रामर स्कूलवरचा (म्हणजे पुस्तकी अभ्यासावर भर देणाऱ्या माध्यमिक शाळेवरचा) लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. शेमस हीनी (साहित्य, 1995) आणि जॉन ह्यूम (शांतता, 1998) असे दोन नोबेल मानकरी एकाच शाळेचे, हे थक्क करणारेच आहे. मात्र लेखात सगळे श्रेय शाळेच्या शिस्तीला दिले आहे. ही मुले मुळात शाळेत शिरली कशी, याबद्दल एक ओळही नाही.

शाळा 1879 ची, डेरीच्या धर्मप्रांताने काढलेली. पुढे पाद्री होऊ शकतील अशी मुले तयार करणे हा तिचा मोठा हेतू होता. फी भरावी लागे आणि शिष्यवृत्त्या मोजक्याच. 1947 च्या शिक्षण कायद्याने चित्र पालटले. अकराव्या वर्षाच्या सुमारास 'इलेव्हन प्लस' परीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण झाल्यास ग्रामर स्कूलची फी सरकारी तिजोरीतून. ह्यूम या परीक्षेच्या पहिल्यावहिल्या तुकड्यांमधले. सात भावंडांत थोरले आणि वडील बेकार. फी भरून शिकणे त्यांना अवघडच होते. हीनी 1951 मध्ये आले. शेतकऱ्याच्या नऊ मुलांतले थोरले, शाळेच्या वसतिगृहात राहिलेले. नाटककार ब्रायन फ्रील मात्र 1941 चे, म्हणजे कायद्याच्या आधीचे, आणि त्यांचे वडील शिक्षक होते. म्हणूनच नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नावापुढे प्रवेशाचे साल छापावे. हे तिघे एका ओळीत बसवले की नेमका हाच फरक पुसला जातो.

कायदा केला तो युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या आणि मुख्यतः प्रोटेस्टंट पक्षाच्या, सरकारने. त्याच कायद्यामुळे शिकलेली कॅथलिक पिढी पुढे घरे, नोकऱ्या आणि मतदानातल्या अन्यायाविरुद्ध उभी राहिली. 5 ऑक्टोबर 1968 च्या डेरीतील मोर्चाच्या आयोजकांपैकी एमन मॅकॅन याच शाळेचे, आणि त्या मोर्चात ह्यूमही होते.

शिक्षकांचे ऋण मी नाकारत नाही. हीनींना लॅटिन शिकवणारे फादर मायकेल मॅक्ग्लिंची यांचेच पाहा. अभ्यासाला व्हर्जिलच्या 'इनीड' या लॅटिन महाकाव्याचा नववा सर्ग होता, आणि 'सहावा असता तर!' म्हणून ते वर्गात पुन्हापुन्हा हळहळत. हीनींनी अखेर त्या सहाव्या सर्गाचाच अनुवाद केला. तो त्यांच्या निधनानंतर 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेत न येणाऱ्या भागाची ओढ शिक्षकाने लावावी, याहून मोठे शिकवणे कोणते? लेखात जागा द्यायची तर अशा गोष्टीला द्यायला हवी होती.

एक दुरुस्तीही आवश्यक आहे. लेखासोबतचे छायाचित्र बनक्राना रोडवरच्या इमारतीचे आहे. शाळा तिकडे जाऊ लागली ती 1973 पासून. वरीलपैकी कोणीही तिथे शिकलेले नाही. त्यांची शाळा बिशप स्ट्रीटवरची. तिथे 1997 पासून लुमेन क्रिस्टी कॉलेज आहे आणि त्यात मुलीही शिकतात.

आपल्याकडे ही परीक्षेने निवड करण्याची व्यवस्था आदर्श म्हणून मांडायची असेल, तर तिची दुसरी बाजूही छापावी. ग्रामर स्कूलमध्ये जागा मिळे ती साधारण चारातल्या एकाला. उरलेल्या मुलांवर अकराव्या वर्षीच 'नापास'चा शिक्का बसे आणि ती दुय्यम समजल्या जाणाऱ्या शाळांत जात. शिकवणी लावता येणाऱ्या घरांतली मुले पुढे राहात, ही तक्रार जुनीच आहे. सरकारी परीक्षा 2008 मध्ये शेवटची झाली, तरी निवड थांबली नाही. शाळांनी स्वतःच्या दोन वेगवेगळ्या परीक्षा सुरू केल्या आणि काही मुले दोन्हींना बसू लागली. 2023 पासून त्यांच्या जागी एक सामाईक परीक्षा आली आहे. ही निवड बंद व्हावी, अशी भूमिका तिथल्या कॅथलिक बिशपांनीच घेतलेली आहे.

– एक निवृत्त शिक्षक, नाशिक